हातभर उघडी भिंत

बायकोच्या तिसाव्या दिवशी दफनभूमीवरून परतल्यावर दार नहूमनंच उघडलं, आणि त्याला आधी दिसली ती पेन्सिल. खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली, चार बोटं उरलेली ती पेन्सिल नेहमीच्या जागी लोंबत होती. पण तिच्यामागचा दगड गेला होता. दगडाच्या जागी पांढरीशुभ्र, ओली, सपाट भिंत होती.

तो उंबऱ्यावरच थांबला. मागून येणारी माणसं एकमेकांवर आदळली.

“अब्बा, आत चला ना, ऊन लागतंय,” हदास म्हणाली. मुलीच्या दोन्ही हातांत खजुरांचे डबे होते. तिनं बापाच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि डबे तिथंच पायरीवर ठेवले. “गिलाद,” तिनं भावाला हाक मारली, “आपण टेकडीवर होतो तेवढ्यात कुणी मंदिर बांधलं की काय रे?”

गिलादनं पुढं होऊन बघितलं. “बांधलं असतं तर पार्किंग मिळालं नसतं,” तो म्हणाला. पण तोही आत जाईना.

दारासमोरच्या भिंतीवर एक हात लांब, एक हात रुंद तुकडा गिलाव्याशिवाय सोडायचा, ही त्यांच्या ज्यू लोकांची रीत. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमचं मंदिर पडलं त्याची आठवण. ते पुन्हा उभं राहीपर्यंत कुठलंच घर पुरं झालं असं म्हणायचं नाही. नहूमनं चाळीस वर्षं यरुशलेममधल्या घरांना गिलावे केले आणि घरटी एक चौकोन सोडला. लोक कटकट करत. दाराआड घे, कपाटामागं घे, थोडा लहान कर. तो म्हणे, मग दुसरा गवंडी बघा. स्वतःच्या घरात तर त्यानं सगळ्यात मोठं माप धरलं होतं. अठ्ठावन्न सेंटिमीटर बाय अठ्ठावन्न. तेवढा गुलाबीसर दगड उघडा, बाकी भिंत आरशासारखी.

आता सगळीच भिंत आरशासारखी झाली होती.

स्वयंपाकघरातून वेंडेल लंगडत बाहेर आला. मेहुणी ओराचा हा अमेरिकन नवरा सत्तरीचा होता, दाराच्या चौकटीएवढा उंच होता आणि त्याचा एक गुडघा सुजलेला होता. चढण झेपणार नाही म्हणून तो घरीच थांबला होता. त्याच्या कमरेला नहूमच्या बायकोचा, जमिलाचा, फुलाफुलांचा एप्रन होता आणि कोपरापर्यंत हात चुन्यानं माखले होते. चेहऱ्यावर असा आनंद, की आपण काहीतरी चांगलं केलंय आणि ते वेळेत पुरं झालंय.

“तो म्हणतोय,” ओरा हळू आवाजात सांगू लागली, “की नुसतं बसून राहायला लाज वाटली. भिंतीचा टवका उडालेला दिसला. म्हटलं, बिचाऱ्या माणसाची बायको गेलीय, घराकडं बघायला कोण आहे. गावाकडं तरुणपणी त्यानं हे काम केलंय.” वेंडेल आणखी काही बोलला आणि त्यात जमिलाचं नाव आलं. ओरानं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. “बाकी काही नाही. एवढंच.”

नहूम भिंतीजवळ गेला. तळहात टेकवावासा वाटला, पण टेकवला नाही. काम चांगलं होतं. आधी दगडावर पाणी मारलं होतं, वाळू चाळून घेतली होती, कडा जुन्या गिलाव्यात अशा मिसळल्या होत्या की सांधा सापडू नये. चाळीस वर्षांत हाताखाली आलेल्या अर्ध्या गवंड्यांना हे जमलं नसतं. याचा त्याला जास्तच राग आला.

“चुना कुठून घेतला?” त्यानं विचारलं.

“मागच्या अंगणातल्या निळ्या पिंपातून,” ओरानं सांगितलं. “म्हणतो, असला मुरलेला चुना जन्मात बघितला नाही. लोणी म्हणे, लोणी.”

दोन्ही पोरांनी बापाकडं बघितलं. निळ्या पिंपातला चुना गिलाद जन्मला त्या आठवड्यात भिजवलेला होता. अडतीस वर्षं पाण्याखाली. नहूम त्याला कुणाला हात लावू देत नसे. उद्या मंदिर बांधायला घेतलं तर गवंडी लागणारच, तेव्हा काढीन म्हणे. जमिला म्हणायची, तोवर तुझे गुडघे कुठं असतील? पिंप उघडून बसशील आणि पोरांना थापी मागशील.

तेवढ्यात पिन्हास आला. जमिलाचा हा थोरला भाऊ याजकांच्या, मंदिरातल्या पुरोहितांच्या कुळातला. याजकानं दफनभूमीत पाय ठेवायचा नसतो, म्हणून बहिणीच्या तिसाव्या दिवशीही तो फाटकाबाहेर रस्त्यावर प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभा राहिला होता आणि तिथूनच आमेन ओरडत होता. इतक्या जोरात की दोन रांगा पलीकडची दुसऱ्याच कुणाची तरी मंडळी त्याला उत्तर देऊ लागली होती. स्टूल अजून त्याच्या काखेत होतं. त्यानं भिंत बघितली. मग वेंडेल बघितला. मग पुन्हा भिंत.

“हे यानं केलं?”

“मामा, चिडू नका,” हदास म्हणाली. “त्यांना माहीत नव्हतं. आपण खरवडून टाकू.”

“खबरदार!” पिन्हास ओरडला. “कुणी हात लावायचा नाही.” त्यानं स्टूल भिंतीपाशी मांडलं आणि दरवानासारखा बसला. “कळतंय का तुम्हाला काय झालंय ते? हा चौकोन कधी झाकायचा? मंदिर उभं राहील तेव्हा. कुठला चुना काढायचा? मंदिरासाठी ठेवलेला. आणि संदेष्टे काय सांगून गेले? परकी माणसं येऊन तुझ्या भिंती बांधतील. हा घ्या परका. समुद्रापलीकडून आलाय. गुडघा मोडलेला असताना उभा राहिला. त्याला स्वतःलाही माहीत नाही आपण काय केलं. खूण अशीच येते.”

पिन्हास दर गुरुवारी एका तळघरात जाऊन याजकांचे अंगरखे शिवत असे. मंदिर झालंच तर घाई नको म्हणून. बारा अंगरखे झाले होते, तेराव्याची बाही चालू होती. दोन चांदीच्या तुताऱ्याही होत्या. एकदा त्यानं त्या गच्चीवर वाजवून बघितल्या तर शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते.

ओरानं सगळं नवऱ्याला समजावून सांगितलं. जसजशी सांगत गेली तसतसा त्याचा चेहरा पडत गेला. शेवटी तो एप्रनमध्ये तोंड घालून मटकन सोफ्यावर बसला. मग उठला आणि थापी घेऊन भिंतीकडं निघाला.

“त्याला सांग, मागं हो,” पिन्हास भाचीला म्हणाला.

पिन्हास ओराशी, आपल्या धाकट्या बहिणीशी, बोलत नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी तिनं वेंडेलशी लग्न केलं, त्याच्या चर्चमध्ये पाण्यात बुडी मारून ख्रिस्ती होऊन आली, आणि इकडं पिन्हासनं सात दिवस जमिनीवर बसून तिचं सुतक पाळलं. तेव्हापासून ती त्याच्या लेखी मेलेली. जमिला मात्र दर मंगळवारी सकाळी तिला फोन करायची, घरातल्या सगळ्यांच्या चोरून, सगळ्यांना माहीत असताना. आता बहीण गेल्यावर ओरा पहिल्यांदाच आली होती आणि पिन्हासला एका मेलेल्या बहिणीच्या घरात दुसऱ्या मेलेल्या बहिणीच्या समोर बसावं लागत होतं.

“वेंडेल म्हणतोय, त्यानं आपल्या हातानं केलंय, तोच आपल्या हातानं काढेल,” ओरा म्हणाली. “म्हणतो, दुसऱ्याच्या दुःखाची जागा बुजवणारा मी कोण.”

“हदास, तिला सांग, तिच्या नवऱ्याला याची काय पडलीय? त्यांना मंदिर लागतच नाही.”

“मावशी, मामा म्हणतायत–”

“ऐकलं मी, बाई, चार हातांवरच बसलाय तो,” ओरा म्हणाली. तिनं नवऱ्याला विचारलं, त्याचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “तो म्हणतोय, खरंय. आम्ही मानतो की आता दगडाचं मंदिर नको. माणूस म्हणजेच मंदिर. देव येऊन राहतो तो माणसात.”

“मग चर्च कशाला बांधता?” गिलादनं विचारलं.

वेंडेलनं विचार केला. उत्तर प्रामाणिकपणे दिलं.

“पाऊस पडतो म्हणून,” ओरा म्हणाली.

“बघा!” पिन्हासनं मांडीवर थाप मारली. “माणूस मंदिर! मग होम कुठं करायचा? याच्या पोटात? धूप कुठं जाळायचा? मंदिराला जागा असते, माप असतं. किती पायऱ्या, किती दारं, सगळं लिहून ठेवलंय. देवानं स्वतः माप दिलं ते काय उगीच?”

“पण मामा,” हदास म्हणाली, “दोन हजार वर्षं ते नाहीच आहे ना? आपण प्रार्थना म्हणतो, जेवताना म्हणतो, लग्नात त्याच्या आठवणीनं पेला फोडतो. चाललंय की.”

“चाललंय!” पिन्हास म्हणाला. “विधुराचं पण चालतं. जेवतो, झोपतो. बायको आहे असं होतं का?”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. सगळ्यांनी नहूमकडं बघितलं. नहूम भिंतीकडं बघत होता. त्यानं करंगळी हळूच चुन्याच्या कडेला लावली आणि बोटांत चोळून पाहिली. चार वाजले होते. खिडकीतून ऊन थेट भिंतीवर पडत होतं. चुना अजून मऊ होता. पण दिवस मावळेपर्यंत त्यावर साल धरणार, आणि एकदा साल धरली की पातं लागणार. पातं लागलं की दगड खरवडणार, आणि दगडावर जे असेल तेही जाणार.

दगडावर जमिलाचं अक्षर होतं.

दाराजवळ फोन होता, फोनजवळ चौकोन, आणि त्या दगडावर पेन्सिल छान उठायची. सुरुवातीला तिनं फोन नंबर लिहिले. मग बाजाराची यादी. नहूम म्हणाला, अगं, ही मंदिराची जागा आहे. ती म्हणाली, मंदिर पडलं म्हणून रवा आणायचा नाही का? काम झालं की ती ओळीपुढं बरोबरची खूण करायची आणि शुक्रवारी सगळं ओल्या फडक्यानं पुसायची. तिचं त्या चौकोनाशी कधीच जमलं नाही. साऱ्या गावाच्या भिंती गुळगुळीत करून आलास, म्हणायची, आणि माझ्याच दारात टवका ठेवलास. पाहुण्यांना काय वाटत असेल? हे भांडण चाळीस वर्षं चाललं.

ती गेली त्या मंगळवारी सकाळी नहूम नेहमीसारखा कोपऱ्यावर मित्रांबरोबर कॉफी प्यायला गेला होता. परत आला तेव्हा ती फोनजवळच्या खुर्चीत बसली होती आणि तिला बोलता येत नव्हतं. दुपारपर्यंत सगळं संपलं. घरी आल्यावर त्यानं दगडावरची यादी वाचली. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली.

रवा. लिंबं. नहूमला सांगायचं.

रवा आणि लिंबांपुढं खूण होती. तिसऱ्या ओळीपुढं नव्हती. काय सांगायचं तेही नव्हतं.

तीस दिवस तो सकाळी उठून ती ओळ वाचत होता. गॅसचं काही असेल. पोरांचं असेल. पण खरं त्याला वाटत होतं ते एकच. तिच्या छातीत दुखत होतं आणि तिला ते सांगायचं होतं. तो घरी असता तर सांगितलं असतं. तो कॉफी पीत होता, दुसरा कप. हे त्यानं पोरांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी समजूत घातली असती, आणि त्याला समजूत नको होती, ती ओळ हवी होती.

“अब्बा, तुम्हीच सांगा,” गिलाद म्हणाला. “घर तुमचं. काढायचं की ठेवायचं?”

“काढायचं,” नहूम म्हणाला.

“शेजारी संध्याकाळच्या प्रार्थनेला येतील,” पिन्हास म्हणाला. “त्यांना एकदा बघू दे. मग उद्या रब्बींना विचारू.”

“आत्ता.”

“एवढी काय घाई आहे तुला? दोन हजार वर्षं थांबलो, एक रात्र थांब की!”

“चुना थांबत नाही.”

गिलाद नगरपालिकेत अभियंता होता आणि कुठल्याही भांडणात तो मोजपट्टी काढायचा. त्यानं बापाच्या पिशवीतून ती काढलीच. “मध्यम मार्ग काढू,” तो म्हणाला. “अब्बांनी अठ्ठावन्न सोडलं होतं. ते सगळ्यात कडक माप. बरेच रब्बी म्हणतात, हात म्हणजे अठ्ठेचाळीस. मग अठ्ठेचाळीस उघडू. मामांची खूण दहा सेंटिमीटर राहील, अब्बांचा चौकोनही राहील.”

“खुणेची दहा सेंटिमीटर!” पिन्हास म्हणाला. “आणि अठ्ठेचाळीस कुणाच्या हातानं? हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. खऱ्या माणसाच्या हाताचं माप हवं, पट्टीचं नाही.”

“मग तुमचाच मोजू. याजकाचा हात.”

पिन्हासनं मोठ्या डौलात बाही वर केली आणि कोपर टेबलावर ठेवलं, खजुरांच्या डब्याशेजारी. गिलादनं पट्टी लावली. “पंचेचाळीस.”

“नीट लाव.”

“पंचेचाळीस, मामा.”

“म्हातारपणी आखडतो हात,” पिन्हास म्हणाला आणि बाही खाली केली.

मग प्रत्येकानंच कोपर टेबलावर ठेवलं. गिलादचा सत्तेचाळीस. हदासचा त्रेचाळीस. वेंडेलला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण त्यानंही नम्रपणे हात ठेवला. चोपन्न भरला. “याच्या हातानं मोजलं तर नवीन मंदिर रस्त्यावर येईल,” हदास म्हणाली. तिला हसू आवरेना. तीस दिवसांत घरात कुणी हसलं नव्हतं, आणि आता जमिलाच्या दिवसाच्या जेवणाला टेबलाभोवती सगळे बाह्या वर करून बसले होते. सूप गॅसवर उकळून उतू गेलं. कुणी उठलं नाही.

“हदास, तिला विचार,” पिन्हास तोंड फिरवून म्हणाला, “तिसाव्या दिवसाला लाल नखं रंगवून येतात का त्यांच्याकडं?”

“विमानात वेळ जात नव्हता,” ओरा म्हणाली. “रडण्यापेक्षा बरं म्हणून रंगवली.”

नहूमनं हे सगळं ऐकलं आणि ऐकलं नाही. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. खालच्या उजव्या कोपऱ्यावर त्याची कड आली होती. त्यानं वेंडेलच्या हातातली थापी काढून घेतली, बादलीत बुडवली आणि पिन्हाससमोर जाऊन उभा राहिला.

“ऊठ.”

“नहूम, विचार कर.”

“तुझ्या पाठीमागं, खाली, तुझ्या बहिणीचं अक्षर आहे,” नहूम म्हणाला. “शेवटचं. सुकलं तर जाईल. तुझ्या मंदिराला आणखी दोन हजार वर्षं लागू देत. ऊठ.”

पिन्हास उठला. स्टूलही त्यानं स्वतःच बाजूला केलं.

नहूम गुडघ्यांवर बसला. थापीचं टोक न लावता त्यानं पातं आडवं धरलं आणि खालून, कडेनं, लोणी उचलावं तसा चुना उचलायला सुरुवात केली. वेंडेल बादली घेऊन शेजारी बसला, त्याचा गुडघा कटकन वाजला. नहूमनं हात पुढं केला की तो ओलं फडकं देई. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण कुठं पाणी मारायचं आणि कुठं थांबायचं यावर त्यांचं एकदाही दुमत झालं नाही. रवा निघाला, पुसट. लिंबं तर जवळजवळ गेलीच, त्यांच्यापुढची खूण तेवढी उरली. मग नहूमनं थापी ठेवली आणि अंगठ्यानं, थेंब थेंब पाणी सोडत, शेवटची साय काढली.

नहूमला सांगायचं.

अक्षर जसंच्या तसं होतं.

सगळे त्याच्यामागं वाकून उभे होते. प्रत्येकानं ती ओळ वाचली. मग सगळे एकदम बोलले.

“गोळ्या,” गिलाद म्हणाला. “तुमच्या रक्तदाबाच्या. मला पण म्हणाली होती.”

“माझ्या घराचं असेल,” हदास म्हणाली. “मी फ्लॅट बदलणार होते ते आईलाच सांगितलं होतं.”

“प्रार्थनाघरात येत नाहीस ते,” पिन्हास म्हणाला. “मी तिच्यामागं लागलो होतो, त्याला सांग म्हणून.”

“तिच्या छातीत दुखत होतं,” नहूम म्हणाला. तो भिंतीकडंच बघत होता. “ते सांगायचं होतं. मी नव्हतो.”

“नाही, भावजी.” ओरा खाली बसली, चुन्यात, काळ्या स्कर्टसकट. “ते नाही. मंगळवार होता ना? ती माझ्याशी बोलत होती. बोलता बोलताच लिहिलं तिनं, मला पेन्सिलचा आवाज येत होता. दुखत वगैरे काही नव्हतं, चांगली भांडत होती माझ्याशी. मी म्हटलं, यंदा नववर्षाच्या सणाला येते, पिन्हासला काय करायचं ते करू दे. तर ती इतकी घाबरली! म्हणाली, वेंडेल येणार? तो गवंडीकाम केलेला ना? मग आधी नहूमला सांगायला पाहिजे, ती भिंत बुजव म्हणून. वेंडेल म्हणेल, हिचा नवरा एवढा मोठा कारागीर आणि घरात टवका. लाज जाईल माझी. आता नहूम कॉफी पिऊन आला की सांगते, नाही म्हणू दे नाहीतर काही.”

नहूमनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

“भिंत?”

“भिंत. मी वेंडेलला विमानात हसत हसत सांगितलं. त्यानं ते मनावर घेतलं. तिची शेवटची इच्छा, म्हणाला. दुपारी आपण टेकडीवर निघालो तेव्हा मला त्याच्या डोळ्यांत दिसलं होतं की हा काहीतरी करणार. मी अडवलं नाही. आणि मग बोलायला भ्यायले. हा म्हणाला असता,” तिनं भावाकडं हनुवटी केली, “ख्रिस्ती झाली आणि मंदिराची जागा बुजवायला नवऱ्याला घेऊन आली.”

“म्हणालो असतो,” पिन्हास म्हणाला.

आधी कुणाला कळलं नाही नहूमला काय होतंय. त्याचे खांदे हलत होते. हदास घाईनं पाणी आणायला निघाली. मग त्याचा आवाज फुटला, आणि तो हसत होता. महिन्याच्या वाढलेल्या पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि तो भिंतीला डोकं टेकून हसत होता. “चाळीस वर्षं!” तो म्हणाला. “चाळीस वर्षं तेच! आणि मी महिनाभर... अगं बाई!”

हसणं थांबल्यावर त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

“गिलाद, ती पट्टी आण,” तो म्हणाला. “अठ्ठेचाळीस कर. खालच्या उजव्या कोपऱ्यापासून मोज. वरचे दहा आणि डावीकडचे दहा आहेत तसे राहू देत. ते तिचे.”

“पट्टीनं नाही,” पिन्हास म्हणाला. “मी सांगितलं ना, माणसाच्या हातानं. कुणाचा तरी अठ्ठेचाळीस भरायला हवा.”

“माझा आणि ताईचा हात सारखा होता,” ओरा म्हणाली. “एकमेकींच्या बाह्या बसायच्या आम्हाला.” तिनं कोपर भिंतीशी, चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात टेकवलं आणि हात आडवा, दगडावरून चुन्यावर पसरला. गिलादनं पट्टी धरली.

“सेहेचाळीस.” त्यानं मान हलवली. “दोन कमी पडतात, मावशी.”

पिन्हास जवळ आला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं बहिणीच्या हातावर वाकून नीट बघितलं. कोपर, मनगट, मधलं बोट, बोटापुढं आलेलं लाल टोक.

“नख धरून मोज ना, ओरा,” तो म्हणाला.

ओरानं हात हलवला नाही. तशीच बसून राहिली, भिंतीला हात लावून. हदासनं तोंडावर पदराएवढा मोठा टॉवेल दाबला.

“नखासकट अठ्ठेचाळीस,” गिलाद म्हणाला.

“मग झालं,” पिन्हास म्हणाला आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद करत तो तिथूनच ओरडला, “सूप करपलं! एवढ्या बायका आहेत घरात!”

नहूम आणि वेंडेलनं नखाच्या टोकापाशी रेघ मारली आणि चौकोन उघडला. वर आणि डावीकडं दहा-दहा सेंटिमीटर पांढरा पट्टा राहिला, गुळगुळीत, मुरलेल्या चुन्याचा. वेंडेलनं त्याच्या कडेवर शेवटचा हात फिरवायला थापी नहूमपुढं धरली. नहूमनं ती त्याच्याच हातात परत दिली आणि मानेनं खुणावलं, कर.

शेजारी प्रार्थनेला येऊ लागले तेव्हा ऊन भिंतीवरून गेलं होतं. प्रत्येकजण दारात क्षणभर थांबून चौकोनाकडं बघत होता, काहीतरी लहान झालंय असं त्याला वाटत होतं, पण कुणी विचारलं नाही. नहूम फोनजवळ उभा होता. त्यानं लोंबणारी पेन्सिल धरली, टोकावरचा चुना नखानं काढला, खाली वाकला, आणि तिसऱ्या ओळीपुढं बरोबरची एक छोटी खूण केली.